पुडीतला आधार

मागच्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावी एसटीची वाट पाहत उभा होतो. गाडीला उशीर होता म्हणून समोरच्या हातगाड्यावरून दहा रुपयांचे खारे शेंगदाणे घेतले. दाणे संपले आणि सवयीने पुडीचा कागद उलगडला. ती एका म्हाताऱ्या बाईच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती. फोटो काळवंडलेला, पण नाव, गाव, जन्मतारीख आणि बाराच्या बारा आकडे स्वच्छ वाचता येत होते. जन्मतारीख १ जानेवारी. ज्यांचा जन्म कुठल्या दप्तरात नोंदलाच गेला नाही अशा कितीतरी म्हाताऱ्या माणसांची असते तशी, कुणीतरी अंदाजाने टाकलेली. खाली सहीच्या जागी जांभळ्या शाईचा अंगठा, दमट हवेने जरासा फुटलेला. वरच्या कोपऱ्यात स्टेपलची पिन तशीच होती आणि त्या पिनेला बँकेच्या पासबुकाच्या झेरॉक्सचा फाटका तुकडा अडकून राहिला होता. त्यावर खाते क्रमांकाचे पहिले सहा आकडे.

गाडेवाल्याला विचारले. तो म्हणाला, रद्दी किलोवर येते, आम्ही काय वाचत बसत नाही. त्याचा दोष नव्हताच. त्याच्या गाड्याखाली तसल्या कागदांचा वीतभर गठ्ठा होता. मी वरवर चाळला. सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, पुन्हा आधार, पुन्हा पासबुक. कुठल्यातरी योजनेचे अर्ज भरून झाल्यावर उरलेल्या, खराब निघालेल्या, जास्तीच्या काढलेल्या प्रती. गठ्ठा विकत मागितला तर त्याने नुसताच दिला.

बाईंचे गाव माझ्याच रस्त्यावरचे निघाले. दोन दिवसांनी जाताना थांबलो आणि कागद त्यांच्या हातात दिला. हा कुठे सापडला, त्याचे काय होऊ शकते, हे जमेल तसे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "बरं झालं बाबा. पुन्यांदा झेराक्स काढायचं काम न्हाई. दोन रुपये वाचले."

त्यांच्या लेखी त्या कागदाची किंमत दोन रुपये होती. ज्याने तो रद्दीत घातला त्याच्या लेखी त्याहूनही कमी. ज्याला त्या कागदाचा वाईट उपयोग करायचा आहे त्याच्या लेखी मात्र ती किंमत कितीतरी मोठी आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख, आधार क्रमांक आणि बँक खाते एका पिनेत गुंफलेले मिळाले, की त्या बाईशी फोनवर "बँकेतून बोलतोय" म्हणून बोलायला लागणारी सगळी माहिती तयार असते. खाते तुमचेच का, गाव हेच का, एवढे समोरच्याने बरोबर सांगितले की आपल्याकडच्या साध्या माणसाचा विश्वास बसतो. पुढचा ओटीपी तो आपणहून सांगतो.

आता कायद्याकडे वळू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू व्हायला तिथून पुढे आणखी अठरा महिने, म्हणजे मे २०२७. दंड अडीचशे कोटींपर्यंत. आकडा ऐकून छाती दडपते. पण या कायद्याच्या नावातला पहिलाच शब्द आमच्या म्हातारीला बाहेर ठेवतो. माहिती डिजिटल रूपात गोळा केलेली हवी, किंवा कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेली हवी. स्टेपलच्या पिनेने टाचलेली, संगणकात कधीच न गेलेली झेरॉक्स त्याच्या कक्षेत येत नाही. आमच्या जिल्ह्यात माणसाची माहिती सांडते ती बव्हंशी कागदावरून, आणि कायदा झाला तो पडद्यावरच्या माहितीसाठी.

दुसरी गोष्ट मला अधिक खटकते. त्या कायद्याखाली होणारा दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातून एक पैसा मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये नुकसानभरपाईची एक सोय होती. नव्या कायद्याची मुख्य बंधने ज्या दिवशी लागू होतील त्याच दिवशी ते कलम वगळले जाणार आहे. म्हणजे बँकेकडून माझी माहिती फुटली आणि माझे नुकसान झाले, तर मी आधी त्याच बँकेकडे तक्रार करायची, तिथे दाद मिळाली नाही तर त्या कायद्याखालच्या विदा संरक्षण मंडळाकडे ऑनलाइन जायचे, आणि सगळे सिद्ध झाले तर दंड सरकारने घ्यायचा. उलट तक्रार खोटी किंवा उथळ ठरली तर तक्रारदाराला दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माझ्या घरी चोरी झाली, चोर सापडला, त्याच्याकडून दंड घेतला आणि माझा माल मला परत मिळाला नाही, याला मी न्याय म्हणणार नाही. याच कायद्याने माहितीच्या अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलमही बदलले आणि तो बदल मात्र अठरा महिने थांबला नाही, लगेच लागू झाला. सरकारी दप्तरातली नावे झाकायची घाई, आणि गरिबाची नावे रद्दीतून वर काढायला सवड.

पण मला आज लिहायचे आहे ते दुसऱ्याच कायद्याबद्दल, कारण तो आपल्या हाताशी आहे आणि हाताशी असून आपल्या बोलण्यात कधी येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा. १९८६ चा जुना कायदा जाऊन २०१९ चा नवा आला आणि २० जुलै २०२० पासून तो लागू झाला. त्याची चर्चा झाली ती ऑनलाइन खरेदी आणि फसव्या जाहिराती यांच्याबद्दल. त्याच्या व्याख्यांच्या कलमात, अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचे हे सांगताना, एक नवी ओळ आली आहे जी जुन्या कायद्यात नव्हती. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती, कायद्याने तशी मुभा दिलेली नसताना दुसऱ्याला उघड करणे, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. कलम २, उपकलम ४७. या ओळीत डिजिटल हा शब्द कुठेही नाही. कागद असो, पेन ड्राइव्ह असो, तोंडी सांगितलेला मोबाइल नंबर असो, अट एकच: माहिती विश्वासाने दिलेली हवी आणि घेणाऱ्याने ती दुसऱ्याच्या हाती जाऊ दिलेली हवी. ग्राहकाचे आधार रद्दीच्या तराजूत घालणे या ओळीत बसते, असे माझे ठाम मत आहे. कुणाचे मत वेगळे असेल तर तो वाद जिल्हा आयोगापुढे होऊ द्या. वाद व्हायला आधी तक्रार तर दाखल व्हायला हवी.

जिल्हा ग्राहक आयोग आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, धाराशिवातच आहे. कायदा केंद्राचा असला तरी हे आयोग चालवायचे, त्यावर माणसे नेमायची, हे काम राज्य सरकारचे. पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तू-सेवेच्या तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. पूर्वी दुकानदार किंवा कंपनी जिथली तिथे, नाहीतर व्यवहार जिथे घडला तिथे जावे लागे. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडेही दाद मागता येते. कंपनी पुण्याची असो की गुरुग्रामची, तिने धाराशिवला यायचे. उमरग्याहून किंवा परंड्याहून जिल्ह्याचे ठिकाण जवळ नाही हे मान्य. पण सकाळच्या गाडीने निघालेला माणूस रात्री घरी परततो. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. आणि मुख्य म्हणजे इथे भरपाई ग्राहकाला मिळते. आयोग ती प्रथा बंद करण्याचा आदेशही देऊ शकतो. कायद्याने तक्रार निकाली काढायला तीन महिन्यांची मुदत घातली आहे. ती पाळली जात नाही, हे तारखा घेऊन परतणारे सगळे जाणतात, आणि त्याचा जाब राज्य सरकारला विचारलाच पाहिजे. तरीही विदा कायद्याची मुख्य बंधने मे २०२७ ला यायची आहेत, तर हे दार आज उघडे आहे.

यावर पहिला प्रश्न येतो तो असा, की शेतकरी ग्राहक कसा? हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे उत्तरही जुने आहे. बियाण्यांच्या खटल्यांत कंपन्या हेच म्हणत आल्या, की शेती हा व्यवसाय, म्हणून शेतकरी ग्राहक नाही. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात ते फेटाळून लावले. मग पैसे देऊन झेरॉक्स काढून घेणारा, पैसे देऊन अर्ज भरून घेणारा शेतकरी ग्राहक नाही असे कुणी म्हणू नये.

अर्ज भरून घेण्याचा हंगाम ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी खरिपाच्या पीकविम्याची मुदत जवळ आली की आमच्याकडे यावे. सेवा केंद्र म्हणजे बहुधा दहा बाय दहाचा गाळा. आत एक संगणक, एक प्रिंटर, एक पोरगा. बाहेर उन्हात किंवा भुरभुर पावसात पन्नास-साठ माणसे, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक आणि पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र. सर्व्हर मध्येच बसतो. मग तो पोरगा म्हणतो, कागद ठेवून जा, रात्री भरतो. माणसे कागद ठेवून जातात, कारण घरी बैल आहेत, फवारणी आहे, शेवटची एसटी आहे. टेबलावर गठ्ठे वाढत जातात. ओटीपीसाठी म्हाताऱ्याकडे मोबाइल नसतो, असला तरी तो पोराकडे पुण्याला असतो. मग केंद्रवाला आपलाच नंबर टाकतो. हे तो मदत म्हणून करतो, बहुतेक वेळा खरोखर मदतच असते. पण त्या क्षणापासून त्या शेतकऱ्याचा अर्ज, त्याच्या पिकाची खबर, कंपनीचा निरोप हे सगळे दुसऱ्याच्या खिशात जाते.

याची किंमत आमच्या जिल्ह्याला नेमकी ठाऊक आहे. २०२० च्या खरिपात काढणीच्या तोंडावर पावसाने सोयाबीन पाण्यात गेले. नुकसान झाल्यापासून बहात्तर तासांत कळवले नाही, असे म्हणून विमा कंपनीने लाखो शेतकऱ्यांना भरपाई नाकारली. लढाई औरंगाबाद खंडपीठात गेली. २०२२ च्या मे महिन्यात खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि कंपनीला दोनशे कोटी रुपये जमा करावे लागले. हा जिल्हा हक्कासाठी भांडायला जाणतो, हे त्या प्रकरणाने दाखवले. त्यातला बहात्तर तासांचा मुद्दा मला इथे महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या अर्जावर स्वतःचा नंबर नाही त्याला निरोप कोण देणार आणि त्याने वेळेत कळवले होते याचा पुरावा कुठल्या मोबाइलमध्ये राहणार? स्वतःच्या माहितीवर स्वतःचा ताबा नसणे म्हणजे शेवटी सोयाबीनच्या पैशांवर ताबा नसणे.

२०२३ मध्ये राज्याने एक रुपयात पीकविमा आणला. अर्जामागे केंद्रचालकाला चाळीस रुपये विमा कंपनीने द्यायचे ठरले होते, शेतकऱ्याने फक्त रुपया. पुढे दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर परस्पर विमा उतरवल्याची प्रकरणे मराठवाड्यात बाहेर आली, विधिमंडळात गाजली आणि २०२५ मध्ये एक रुपयाची योजनाच गुंडाळली गेली. गाजली ती सरकारच्या तिजोरीची फसवणूक. ज्याच्या गट नंबरवर परस्पर विमा निघाला त्या शेतकऱ्याचेही काही हिरावले गेले होते, त्याची बाजू कुणी मांडल्याचे मी तरी ऐकले नाही. आता ॲग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आला आहे. आधार, जमीन आणि योजना एका क्रमांकात बांधल्या जात आहेत. सोय आहे, नाकारत नाही. पण जितके एका जागी बांधाल तितके एका जागेवरून सांडेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर खासगीपणाच्या नावाखाली भलताच अर्थ निघेल. सातबारा उघडा असलाच पाहिजे. गावातल्या कुणाच्याही जमिनीचा उतारा कुणालाही पाहता येतो म्हणूनच भावकीतले आणि बाहेरचे घोटाळे पकडले जातात. मी झाकायला सांगतो आहे तो आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल आणि अंगठा. आधारवाल्या प्राधिकरणाने स्वतःच पहिले आठ आकडे झाकलेले आधार काढण्याची सोय केली आहे. मे २०२२ मध्ये त्यांच्या बंगळुरूच्या कार्यालयाने सांगितलेही होते, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, झाकलेली प्रत द्या. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतले. गैरसमज होईल म्हणून. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. इतक्या वर्षांत झाकलेले आधार ही गोष्ट आमच्या सेवा केंद्रांच्या भिंतीपर्यंत पोचलेली नाही. नवरात्रात तुळजापुरात उतरणारा भाविक लॉजवाल्याच्या व्हॉट्सॲपवर सबंध आधारचा फोटो पाठवतो आणि देवीच्या दर्शनाला जातो. त्या मोबाइलमध्ये किती घरांचे आधार साठले असतील?

दुकानातल्या मोबाइल नंबरचेही तेच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावले, की नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही असे म्हणणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आजही बिलाच्या खिडकीवर पहिला प्रश्न नंबरचाच. "नाही देत" एवढे दोन शब्द म्हणायला आपल्याला संकोच वाटतो. तो संकोच सोडला पाहिजे.

राहिला पुराव्याचा प्रश्न, आणि तो खरा अवघड आहे. पाच ठिकाणी आधार दिले, सांडले कुठून हे कसे सांगणार? त्याला एक जुना, गावठी उपाय आहे. प्रत्येक झेरॉक्सवर, फोटोवरून आडवे जाईल असे, पेनाने लिहायचे: कुणाला दिली, कशासाठी, कुठल्या तारखेला. "फक्त पीकविम्यासाठी" एवढे तरी. त्या म्हातारीच्या कागदावर हे लिहिलेले असते तर तो कुठल्या टेबलावरून गाड्यापर्यंत आला हे मला पाहताक्षणी कळले असते. दुसऱ्या कामासाठी तो कागद वापरणाऱ्याचाही हात अडला असता.

पण सगळा भार त्या म्हातारीवर टाकून चालणार नाही. २०१९ च्या कायद्याच्या कलम १६ ने जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार दिला आहे. ग्राहकांच्या एखाद्या वर्गाच्या हक्कांचा भंग होत असेल तर तक्रारीवरून ते आपल्या हद्दीत चौकशी करू शकतात आणि अहवाल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे पाठवू शकतात. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्षही तेच. पीकविम्यासाठी कागद देणारे शेतकरी हा वर्ग नाही तर कोणता? सेवा केंद्रांचे परवाने जिल्हा प्रशासनाच्याच देखरेखीखाली चालतात. उरलेल्या प्रती अर्जदारासमोर फाडा किंवा परत द्या; अर्जावर अर्जदाराचा किंवा त्याच्या घरातल्याचाच नंबर टाका; झाकलेले आधार चालत असेल तिथे तेच मागा; आणि कलम २ मधली ती ओळ मोठ्या अक्षरांत, मराठीत, दरपत्रकाच्या शेजारी लावा. याला ना नवा कायदा लागतो ना मुंबईचा आदेश. एका परिपत्रकाचे काम आहे.

गाडेवाल्याने दिलेला गठ्ठा माझ्याकडे होता. बहुतेक कागदांवर नीट पत्ते होते. ज्यांची माणसे सापडली त्यांना ते दिले, बाकीचे जाळले. त्याआधी कलम १६ खालची तक्रार लिहायला घेतली, त्यात कुणाचेही नाव किंवा क्रमांक न घालता कागदांचा नुसता तपशील जोडला आहे: आधार किती, पासबुके किती, अंगठे किती. खरिपाची मुदत पुन्हा येईल, गाळ्यांपुढे पुन्हा रांगा लागतील. तक्रार त्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक टपालात पडलेली असेल. ज्यांना अशा पुड्या मिळाल्या असतील त्यांनी आपापल्या तालुक्यातून आपलीही द्यावी.